वद्य पंचमीचा मासा

माझे वडील मासे धरायला शिकले ते लग्नानंतर, आणि तेही बायकोच्या धास्तीनं. आई रत्नागिरीकडची. लग्न होऊन ती उज्जैनला माधव नगरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं की इथे मासे कुठे मिळतात. घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमचं घराणं दोनशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी कारकुनी करायला माळव्यात आलेलं. मासे खायला कुणाची ना नव्हती, पण सवय पार मोडली होती. बाबांनी एक दिवस बाजारातून शोधून काहीतरी आणलं. आईनं ते हुंगलं आणि मागच्या दारानं थेट मांजरांना देऊन टाकलं. बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. नकाशे काढणाऱ्या माणसानं विचार करावा तसाच त्यांनी केला: मासा ताजा पाहिजे, ताजा पाहिजे तर तो आपण धरला पाहिजे, आणि धरायचा तर पाणी मोठं पाहिजे.

मोठं पाणी त्यांना ठाऊक होतं. चंबळेवर धरण झालं तेव्हा डोंगरांच्या मधे एवढं पाणी साठलं की पलीकडचा काठ धुरकट दिसायचा. उज्जैनहून बसनं पाच-सहा तास. खात्याच्या कामासाठी तिथे जाता-येता एका नावाड्याशी त्यांची ओळख झाली आणि त्यानं त्यांना चालत्या नावेमागे दोर ओढून मासा धरायला शिकवलं. काठावर गळ टाकून तासन्‌तास बसणं हे आळशी माणसाचं काम, असं त्या नावाड्याचं मत होतं. आपण माशाकडे जायचं, त्यानं आपल्याकडे का यावं.

ह्या शिकारीचं मुख्य हत्यार म्हणजे जेवणाचा चमचा. बाबा स्टीलच्या चमच्याची दांडी कापायचे, उरलेल्या भागाला दोन टोकांना भोकं पाडायचे, एका भोकात तीन तोंडांचा गळ आणि दुसऱ्यात तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोर. तो दोर पतंगाच्या फिरकीवर गुंडाळलेला. नाव संथ चालवायची आणि मागे चाळीस-पन्नास हात दोर सोडायचा. मग चमचा पाण्यात डावी-उजवीकडे हेलकावत चमकत येतो आणि मोठ्या माशाला वाटतं की एखादा छोटा मासा घाबरून पळतोय. नाव जोरात गेली तर चमचा वर येऊन गरगरतो, फार हळू गेली तर तळाला जाऊन बुडालेल्या झाडांत अडकतो. सगळी गंमत त्या वेगात आहे. आमच्या स्वयंपाकघरात चमचे नेहमी कमी असायचे आणि पाहुणे आले की आई शेजारून मागून आणायची.

बाबा वल्हवायचे, आई दोर धरायची. दर उन्हाळ्यात एकदा-दोनदा, शनिवार-रविवार. मी मधल्या फळीवर बसून आंबे खायचे. आईचा दोर धरायचा हात बघण्यासारखा होता. एरवी ती फार तापट बाई. दूध उतू गेलं तर आधी गॅसवर ओरडायची. पण तंगूस बोटावर घेतली की गप्प व्हायची. तर्जनीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून त्यावरून दोर जाऊ द्यायचा, नुसता टेकवलेला, आणि चमचा मागे कसा थरथरतोय ते तिला त्या बोटात कळायचं. "आता जरा हळू," ती म्हणायची आणि बाबा हळू करायचे. त्या दोन दिवसांत त्यांचं एकदाही भांडण व्हायचं नाही. मला वाटतं, त्यांच्या संसारातला सगळ्यात चांगला भाग पाण्यावर गेला.

आई गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. टावर चौकाजवळ एक कंपनी नवीन उघडली होती, तिथे मी कॉम्प्युटरवर काम करायचे. त्या वर्षांत उज्जैनमध्ये रोज काहीतरी नवीन यायचं. गच्च्यांवर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या उगवल्या, चौकाचौकात एसटीडीच्या काचेच्या खोल्या झाल्या, आणि ज्या घरांतून मिलचा भोंगा ऐकून माणसं डबा घेऊन निघायची त्या घरांतले लोक दुपारी ओट्यावर बसायला लागले. मला ते भोंगे बंद झाल्याचं फारसं काही वाटलं नाही, हे आता लिहिताना शरम वाटते. मला सगळं झटपट हवं होतं. आई म्हणायची, हिला पोळीसुद्धा फुगायच्या आधी उलटायची असते.

ती गेली वैशाखात, चार दिवसांच्या तापानं, वद्य पंचमीला.

बाबा नुकतेच रिटायर झाले होते. ते रडले नाहीत. त्यांनी फक्त ठरवलं की वर्ष होईपर्यंत मासा खायचा नाही आणि पाण्यावर जायचं नाही. सण नाहीत हे तर आलंच. पण हळूहळू बाकीचंही गळत गेलं. आधी संध्याकाळचं फिरणं सुटलं, मग पेपर, मग माझ्याशी वाद घालणं. दुपारभर ते टेबलाशी बसून जुन्या पेन्सिलींना टोक काढायचे, काढलेलं टोक बोटानं तपासायचे आणि पेन्सिल डब्यात ठेवून द्यायचे. पॅन्ट पट्ट्याखाली चुण्या पडून जमा व्हायला लागली. मी त्यांना खूप चिडवून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. ते म्हणायचे, "वर्ष होऊ दे." मग मी त्या वर्षावरच डोळा ठेवला. वर्ष संपलं की ते धरणाच्या तळ्यावर जातील, मासा खातील, माणसांत येतील. आई तर परत येणार नव्हती, पण बाबा मला परत हवे होते.

आता चूक सांगते. उज्जैनच्या मराठी घरांत एक गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते: आपला वद्य पक्ष आणि हिंदीवाल्यांचा कृष्ण पक्ष एकच, पण महिन्याचं नाव वेगळं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून जन्माष्टमी आपली श्रावणात आणि त्यांची भादोंमध्ये, दिवस मात्र तोच. आईला हे इतकं पाठ होतं की ती दोन्ही नावं एका दमात सांगायची. शिवाय दर वर्षी पुण्याहून मावशी मराठी कॅलेंडर पाठवायची. आई गेल्यावर त्या डिसेंबरात कॅलेंडर मागायचं कुणाला सुचलं नाही आणि दुःखाच्या घरी कॅलेंडर कसं पाठवायचं म्हणून मावशीनंही पाठवलं नाही. त्याच खिळ्यावर किराणेवाल्यानं दिलेलं हिंदी कॅलेंडर लागलं.

मार्च संपता संपता बाबा म्हणाले, "तिथी बघून ठेव." मी उठले, पान उलटलं, वैशाख कृष्ण पंचमी शोधली आणि ती एप्रिलच्या शेवटी सापडली. मला आठवतं, मला बरं वाटलं. ती मे महिन्यात गेली होती, पण तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतेच, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. मधे अधिक महिना येऊन गेला होता, म्हणजे तिथी उलट पुढे जायला हवी होती, हे मी विसरले. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नदीकाठच्या सिद्धवटावर आमच्याकडची श्राद्धं होतात, तिथल्या पंड्याजींनी विचारलं, "तिथि?" मी म्हटलं, "वैशाख कृष्ण पंचमी." त्यांच्या पंचांगात ती बरोबरच होती. बाबांनी पिंड ठेवले, वडाच्या मुळाशी दूध घातलं, घरी येऊन खीर-वड्यांचं जेवण झालं. वर्ष संपलं असं आम्ही धरलं.

त्यानंतर तीन-साडेतीन आठवडे मी तळ्याचा विषय काढत राहिले आणि बाबा "बघू" म्हणत राहिले. मेच्या शेवटी एकदा मी ऑफिसमधून आले तर टेबलावर पेन्सिलींच्या जागी फिरकी होती आणि बाबा तंगुसीची गाठ सोडवत होते. "जाऊन येऊ मग," ते म्हणाले, जणू मी नाहीच म्हणत होते.

शनिवारी पहाटेची बस धरली. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मेमध्ये पाणी उतरतं, तेव्हा काठचे डोंगर कमरेपर्यंत उघडे पडतात आणि त्यांच्यावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेषा दिसतात. नावाडी म्हातारा झाला होता. त्यानं बाबांना ओळखलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाभीजी नहीं आईं?"

बाबा म्हणाले, "नहीं. इस बार बिटिया आई है."

दुपार कलल्यावर नाव सोडायला म्हाताऱ्यानं मदत केली आणि बराच वेळ काठावर उभा राहिला.

आम्ही पाण्यावर गेलो. बाबा वल्ह्यांवर, मी मागे दोर घेऊन. पहिला तासभर मी दोनदा चमचा बुडालेल्या झाडात अडकवला. तिथे पाण्याखाली अख्खी गावं आहेत, त्यांचे आंबे आणि बाभळी अजून तळाशी उभी आहेत. प्रत्येक वेळी बाबा नाव मागे घ्यायचे, उलट बाजूनं हिसका द्यायचे आणि चमचा सोडवायचे.

"दोर इतकी टाइट नको धरू," ते म्हणाले. "नुसती ठेव बोटावर. तू ना, फालतूची ताकत लावते."

"मला काही कळतच नाहीये बोटात."

"कळेल. चूप बस थोडी, मग कळेल."

मी चूप बसले, जे मला अजूनही फारसं जमत नाही. आणि खरंच, काही वेळानं बोटावर एक बारीक थरथर लागली. एकसारखी, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वल्ह्यांचा वेग होता तसाच ठेवला. ऊन खाली येत होतं, डोंगर तांबूस होत होते, आणि आईचं जे काम मी लहानपणी आंबे खात बघितलं होतं ते माझ्या बोटात चाललं होतं. मला तेव्हा तिची इतकी आठवण आली की दोर हातातून सुटेल असं वाटलं.

तेवढ्यात थरथर थांबली आणि दोर जड झाला.

"अडकला परत," मी म्हटलं. "झाड आहे."

बाबांनी वल्ही वर उचलली. दोर हळूच डावीकडे चालायला लागला.

"झाड असं चालत नसतं," बाबा म्हणाले. "सोड. ढील दे. पतंग कसा सोडते तसं."

फिरकी माझ्या मांडीवर खडखडत फिरत होती. मासा दोनदा खाली गेला, दोनदा नावेखालून पलीकडे गेला. बाबा नाव त्याच्यामागे वळवत होते, मला सूचना देत होते, मधेच स्वतःच दोर ओढायला बघत होते आणि मी त्यांचा हात झटकत होते. शेवटी तो वर आला. लांब, चपटा, रुंद तोंडाचा पढिन, तिथे ह्या माशाला हेच नाव आहे. तीन किलोचा तरी असेल. बाबांनी त्याला कल्ल्यात धरून नावेत घेतलं आणि ते हसायला लागले. कशावर हसताहेत ते त्यांनाही माहीत नसावं. वर्षात पहिल्यांदा ते असे हसले आणि त्यांचा वरचा एक दात पडलेला मला दिसला. तो कधी पडला होता मला माहीत नव्हतं.

पण शनिवार होता, आणि आमच्या घरात शनिवारी मासा शिजत नाही. नावाडी म्हणाला, "बाबूजी, मच्छी को थोड़ी मालूम है कि आज शनीचर है." बाबा म्हणाले, "हमको तो मालूम है." त्यांनी माशाच्या जबड्यातून दोरी ओवली, ती काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला बांधली आणि मासा उथळ पाण्यात जिवंत सोडला. हा जातीचा चिवट, रात्रभर राहतो. नावाड्यानं झोपडीबाहेर खाटा टाकल्या. बाबा पडल्या पडल्या झोपले. सकाळी मी उठले तर ते बाभळीपाशी उकिडवे बसून मासा आहे ना ते बघत होते.

महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी मी मावशीला फोन करायचे, तेव्हा रविवारी फोन स्वस्त पडायचा. धरणाच्या कॉलनीत एक एसटीडीची खोली होती, दीड-दोन किलोमीटरवर. मी चालत गेले. मावशीला सांगायचं होतं की बाबा हसले.

ती आश्चर्यानं म्हणाली, "अगं, आज या वेळेला कसा फोन? मला वाटलं तुम्ही अजून घाटावर असाल. झालं का सगळं व्यवस्थित?"

"काय व्हायचंय?"

"ताईचं वर्षश्राद्ध. वैशाख वद्य पंचमी ना आज?"

मी म्हटलं, "मावशी, ते महिन्यापूर्वीच झालं. सिद्धवटावर केलं."

ती अगदी हळू म्हणाली, "महिन्यापूर्वी तर आपला चैत्र होता गं."

मी फोन ठेवला आणि पैसे देऊन बाहेर पडले. येताना ऊन होतं आणि मी पळत नव्हते, फार सावकाश चालत होते. बाबांना सांगायचं नाही, असं मी अर्ध्या रस्त्यातच ठरवून टाकलं. कुणाला कळणार होतं. वर्षभरानं त्या माणसाच्या अंगात जीव आला होता. सांगितलं तर तो पुन्हा जाईल आणि न सांगितलं तर ज्या दिवशी त्यांनी उपाशी राहायचं त्या दिवशी ते मासा खातील. मी मासा निवडला. मावशीला नंतर पटवता येईल असंही मी ठरवलं.

पोचले तेव्हा झोपडीच्या मागे चूल पेटली होती. बाबांनी घरून आईची सगळी तयारी आणली होती: आमसुलं, लाल मसाला, वाटलेलं खोबरं एका डब्यात. कालवण उकळत होतं. नावाडी जरा दूर बिडी ओढत बसला होता. बाबांनी दोन ताटल्यांत भात वाढला, त्यावर कालवण घातलं, माझ्याकडे मोठा तुकडा सरकवला. स्वतःच्या ताटलीसमोर मांडी घातली, घास केला आणि तो हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "ह्या सालभरात मला बाकी काही जमलं नाही. तुझ्याकडे पण मी नाही बघितलं, मला मालूम आहे. पण तिचं वर्ष मी पुरं पाळलं. एक दिवस कमी नाही."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, थांबा." आणि कॅलेंडरपासून मावशीच्या फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्यांनी घास ताटलीत परत ठेवला. हात धुतला. "आज पंचमी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले, बहुतेक महिने. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग उठून पाण्यात उतरले, कपड्यांसकट अंघोळ केली आणि कमरेएवढ्या पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून ओंजळीनं पाणी सोडत उभे राहिले. तीळ नव्हते, दर्भ नव्हता, पंड्याजीही नव्हते. किती वेळा सोडलं मी मोजलं नाही.

ओलेच बाहेर आले, पळसाचं एक पान तोडलं आणि पातेल्यातला डोक्याचा तुकडा, जो आई कधी कुणाला द्यायची नाही, तो भातावर ठेवून पान काठावरच्या दगडावर नेऊन मांडलं.

"बाबा, श्राद्धाला मासा चालत नाही," मी म्हटलं. मी मूर्खच होते.

"त्या दिवशी खीर झाली," ते म्हणाले. "तिला खीर आवडत होती का कधी?"

बाकीचं पातेलं त्यांनी नावाड्याच्या घरात पाठवलं. स्वतः काही खाल्लं नाही आणि मीही नाही. दुपारची बस मिळाली. बराच वेळ ते खिडकीतून बघत होते. डोंगर मागे पडले, सपाट माळवा सुरू झाला, तेव्हा मी म्हटलं, "माझं चुकलं. मला घाई झाली होती. तुम्हाला असं बघवत नव्हतं, मला ते वर्ष संपवायचं होतं."

"तू मुद्दाम थोडीच केलं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं, खिडकीकडेच तोंड ठेवून ते पुन्हा बोलले. "सिद्धवटावरून त्या दिवशी घरी आलो ना, तेव्हाच मला वाटलं होतं, इतक्यात कसं संपलं. मतलब, अजून थोडं बाकी असायला पाहिजे होतं माझ्याकडे."

मी तोवर समजत होते की बाबा ते वर्ष कसंबसं ढकलताहेत. ते आईबरोबरचं शेवटचं वर्ष होतं आणि ते एकेक दिवस जपून वापरत होते, हे मला त्या बसमध्ये कळलं.